विस्मरणासाठी कोणता स्कॅन: सीटी, एमआरआय की पेट?

दादरच्या मंडईत आयुष्यभर तोंडी हिशेब केलेली आई सुटे पैसे मोजताना अडखळायला लागली, की घरात कोणीतरी म्हणतंच, "एकदा स्कॅन करून टाकूया." त्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या: बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी, आणि डॉक्टरांसमोर बसून ३० गुणांची स्मृतिचाचणी. बी-१२ कमी असलं तरी विसरायला होतं, आणि त्यावर उपाय सोपा आहे.

सीटी काही मिनिटांत होतो आणि एमआरआयपेक्षा स्वस्त पडतो. गेल्या काही आठवड्यांत बाथरूममध्ये पाय घसरला असेल, डोक्याला साधा मार बसला असेल, त्यातून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर सीटी लगेच करा. कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त वयस्कर माणसात गोंधळ आणि विसराळूपणा म्हणून दिसू शकतं, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येतं.

पडझड नसेल आणि विसरणं वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाढलं असेल, तर मी एमआरआयच निवडेन. अर्धा-पाऊण तास कर्कश आवाजात निश्चल पडून राहावं लागतं. पेसमेकर असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. पण नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस किती आकसलाय, लक्षात न आलेले पक्षाघाताचे छोटे झटके येऊन गेलेत का, हे सीटीपेक्षा यात कितीतरी स्पष्ट दिसतं. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' नको, 'स्मृतिभ्रंशासाठी' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे हिप्पोकॅम्पसचे उभे छेद नीट घेतले जातात. रिपोर्टमध्ये 'एमटीए' म्हणून ० ते ४ असा आकडा असू शकतो; हिप्पोकॅम्पसचा भाग जितका आकसलेला, तितका तो मोठा. २ हा आकडा साठीच्या माणसात काळजीचा, पण पंचाहत्तरीनंतर बहुधा वयाला धरून. 'वयोमानानुसार आकुंचन' एवढंच वाचून कृपा करून कोणी रडत बसू नका. निदान एकट्या चित्रावरून होत नाही.

पेट सर्वांत महाग. साखरेचा पेट, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेला स्कॅन, मेंदूचा कोणता भाग मंदावलाय ते दाखवतो. अल्झायमर की मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार, असा पेच डॉक्टरांना पडला असेल तरच तो कामाचा. उपाशीपोटी जावं लागतं, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन दाखवणारा अमायलॉइड पेट निव्वळ काळजीपोटी करू नका: धडधाकट वृद्धांतही तो पॉझिटिव्ह येतो. निगेटिव्ह आला तर मात्र अल्झायमरची शक्यता बरीच मागे पडते. लेकानेमॅबसारखं अल्झायमरवरचं औषध सुरू करायचं असेल, तर मेंदूत अमायलॉइड असल्याचा पुरावा लागतोच.

खर्चाची ओढाताण असेल तर मुंबईतल्या केईएम, सायन किंवा नायर या पालिका रुग्णालयांच्या ओपीडीपासून सुरुवात करा. रिपोर्टबरोबर चित्रांची सीडीही मागून घ्या. आणि स्कॅन नॉर्मल येऊनही विसरणं वाढतच राहिलं, तर सहा महिन्यांनी तीच स्मृतिचाचणी पुन्हा करून दोन्ही वेळचे गुण डॉक्टरांना दाखवा.