सिस्को 9800-एल, आठ महिन्यांनंतर: वायफाय कंट्रोलर उत्तम, पण आधी डेडटाइम बघा

सोमवारी सकाळी पहिला रेडिअस सर्व्हर, म्हणजे कोणाला वायफायवर घ्यायचं हे तपासणारा सर्व्हर, बंद पडला. दुसरा धडधाकट होता, दोन्ही सर्व्हर कंट्रोलरच्या (सगळे एपी, म्हणजे वायफाय सिग्नल देणारे ॲक्सेस पॉइंट, सांभाळणाऱ्या यंत्राच्या) एकाच गटात होते, तरी लॅपटॉप वायफायला जोडले जाईनात. उभारणी करून देणाऱ्या कंत्राटदाराने सगळा दोष एपींवर टाकला आणि नव्या एपींचं कोटेशन पाठवलं. दुरुस्ती दोन ओळींची होती आणि तिला एक पैसाही लागला नाही. म्हणून वेग, रेंज वगैरे बाजूला ठेवून आधी हेच.

हिशेब असा आहे. कंट्रोलर रेडिअस सर्व्हरच्या उत्तरासाठी 5 सेकंद थांबतो, उत्तर आलं नाही तर आणखी 3 वेळा विचारतो. म्हणजे बंद सर्व्हरवर 20 सेकंद वाया. बरेच लॅपटॉप इतके थांबत नाहीत, मध्येच सोडून पहिल्यापासून सुरुवात करतात. त्यात डेडटाइम, म्हणजे मेलेल्या सर्व्हरला किती वेळ वगळायचं तो काळ, मुळात 0 असतो. सर्व्हर मेल्याची नोंद झाली तरी ती टिकत नाही आणि पुढचा लॅपटॉप पुन्हा त्याच बंद दारावर जातो.

कंट्रोलरच्या कॉन्फिगरेशनमध्ये घालायच्या ओळी: «रेडिअस-सर्व्हर डेड-क्रायटेरिया टाइम 5 ट्राइज 3» आणि «रेडिअस-सर्व्हर डेडटाइम 5». पहिली ओळ सर्व्हर मेला असं कधी धरायचं ते ठरवते. तिच्यातले 5 सेकंद आहेत, दुसरीतली 5 मिनिटं. इथे हमखास गोंधळ होतो. सर्व्हर गटाच्या आत वेगळा डेडटाइम लिहिलेला असेल तर तोच चालतो, वरचा नाही, त्यामुळे गट उघडून बघाच. पाच मिनिटं संपल्यावर आंधळेपणाने त्याच सर्व्हरकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक सर्व्हरखाली ऑटोमेट-टेस्टर (सर्व्हरला आपोआप चाचणी-लॉगिन पाठवणारी सोय), प्रोब-ऑन पर्यायासह लावा. त्यातलं युजरनेम खरं असण्याची गरज नाही. सर्व्हरने नकार दिला तरी तो जिवंत आहे एवढं कळतं. मग सुट्टीच्या दिवशी पहिल्या सर्व्हरचं पोर्ट बंद करा, दोन-तीन लॅपटॉप जोडून बघा आणि «शो एएए सर्व्हर्स»मध्ये त्याची स्थिती डेड झाली का ते तपासा. ही चाचणी झाल्याशिवाय कंत्राटदाराच्या कागदावर सही करू नका.

त्याच बैठकीत सीओए, म्हणजे लॉगिन झाल्यानंतर सर्व्हरने पाठवलेला बदलाचा आदेश, तोही तपासा. डायनॅमिक-ऑथरच्या, म्हणजे असे आदेश द्यायची परवानगी असलेल्या सर्व्हरांच्या, यादीत बहुतेक वेळा पहिलाच सर्व्हर असतो. मग दुसऱ्या सर्व्हरवरून लॉगिन होतं, पण त्याने नंतर पाठवलेला व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा भाग) बदलण्याचा किंवा युजरला तोडण्याचा आदेश कंट्रोलर ऐकत नाही. फायरवॉलमध्ये सीओएचे यूडीपी पोर्ट 1700 आणि 3799 दोन्ही बघून घ्या.

टॅगबद्दलचं, म्हणजे कोणत्या एपीला कोणती सेटिंग लागू ते सांगणाऱ्या लेबलांबद्दलचं, मत मात्र बदललं. पॉलिसी टॅग, साइट टॅग, आरएफ टॅग ही तिहेरी रचना पहिले दोन महिने निव्वळ डोकेदुखी वाटत होती, कारण टॅग बदलला की एपी कंट्रोलरपासून तुटून पुन्हा जोडला जातो आणि त्यावरच्या सगळ्या युजरचं वायफाय तुटतं. हे काम ऑफिस सुटल्यावरच करायचं. पण एपींची नावं शिस्तीने ठेवली, उदाहरणार्थ मजला आणि विभाग, की नावावरून फिल्टर लावून टॅग आपोआप बसतात. नवा एपी डब्यातून काढा, नाव द्या, झालं. आता जुन्या कंट्रोलरांच्या एपी ग्रुप पद्धतीकडे परतावंसं वाटत नाही.

एपी घेताना मॉडेलच्या नावाची शेपटी (देश किंवा प्रदेशाचं अक्षर) वाचा. भारतासाठीच्या जुन्या मॉडेलांना -डी असते. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळाला म्हणून -ए किंवा -ई आणला, तर कंट्रोलरवर देश भारत ठेवल्यावर त्याचे रेडिओ चालणार नाहीत. वाचवलेले पैसे तिथेच बुडतात.

रेडिअस सर्व्हरच्या सर्टिफिकेटसाठी स्वतःचा खासगी सीए (सर्टिफिकेट देणारी आपलीच यंत्रणा) वापरा. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत 398 दिवसांवरून 15 मार्च 2026 पासून 200 दिवसांवर आणि 2029 मध्ये 47 दिवसांवर. ज्यांवर ऑफिसचं वायफाय प्रोफाइल टाकलेलं नाही असे आयफोन सर्टिफिकेट बदललं की विश्वास ठेवू का असं विचारतात, आणि लोक न वाचता हो म्हणायला शिकतात. सुरक्षेच्या दृष्टीने याहून वाईट सवय नाही.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते रेडिओॲक्टिव्ह ट्रेस, म्हणजे एका उपकरणाच्या जोडणीची तपशीलवार नोंद ठेवणारी कंट्रोलरमधली सोय. एका मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या नेटवर्क ओळख-क्रमांकावर) लावा, युजरला पुन्हा जोडायला सांगा, आणि गाडी नक्की कुठे अडली ते ओळीओळीत दिसतं: ईएपी (ओळख पटवण्याची देवाणघेवाण), की पासवर्ड, की डीएचसीपी (आयपी पत्ता मिळणं). फोनचा पत्ता मात्र सेटिंगमधल्या त्या नेटवर्कच्या पानावरून घ्या. खोक्यावर छापलेला नको, कारण फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट पत्ता देतात.

पैशाचं म्हणाल तर मूळ मर्यादा 250 एपी आणि 5000 उपकरणांची आहे. परफॉर्मन्स लायसन्स घेतलं की दोन्ही दुप्पट होतात. दीडशे एपी असतील तर ते आत्ता घेऊ नका. त्या पैशातून दुसऱ्या रेडिअस सर्व्हरला वेगळा यूपीएस घ्या.