ट्रेलरच्या गॅसवर बाहेरचा तवा: वर्षभर वापरल्यावर

आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरबाहेर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) स्वयंपाकाला वापरतो त्या गॅसच्या सपाट तव्याचा इग्नाइटर गेला. बटण दाबलं की टकटक होते, ठिणगी पडत नाही. वॉरंटी बाकी होती म्हणून कंपनीला फोन लावला. त्यांनी फोटो मागितले, मी पाठवले. त्यात गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरच्या जागी मी बसवलेला पितळी एल्बो (काटकोनी जोड) दिसला आणि पलीकडची बाई एकदम गोड झाली: "मॅम, तुम्ही रेग्युलेटर काढलाय, म्हणून वॉरंटी बाद." अहो, ठिणगीचा आणि रेग्युलेटरचा काय संबंध? उद्या हँडल तुटलं तरी हेच सांगणार का? अर्धा तास डोकं फोडून फोन ठेवला. त्या रागातच हा अनुभव लिहितेय, तेव्हा सूर थोडा तिखट लागला तर समजून घ्या.

तवा सतरा इंची, एका बर्नरचा. बाकी मापं, वजन, रंग यांत मी शिरत नाही. प्रश्न आहे तो ट्रेलरच्या प्रोपेनला जोडण्याचा. टेक्सासच्या उन्हात ट्रेलरच्या आतली शेगडी पेटवली की एसी हरतो. सुक्या मिरचीची फोडणी टाकली की स्मोक अलार्म कोकलतो, आणि मासे तळले तर वास पुढच्या ट्रिपपर्यंत गादीत मुरलेला असतो. कोळशाचं म्हणाल, तर उन्हाळ्यात इथे बऱ्याच काउंट्यांत (जिल्ह्यांत) बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी असते. स्टेट पार्कात तेव्हा सहसा गॅसच चालतो. म्हणून स्वयंपाक बाहेर, आणि गॅसवर.

ट्रेलर विकणाऱ्याने बारा फुटी नळी गळ्यात मारली. एक टोक ट्रेलरच्या बाजूच्या क्विक-कनेक्ट पोर्टला (नळी नुसती दाबून बसवायचं गॅसचं तोंड), दुसरं तव्याला, झालं म्हणाला. जोडलं. ज्योत आली ती निरांजनाएवढी. डोसा घातला तर चिकटायलाही तयार नाही, नुसता ओला पडून राहिला.

कारण साधं आहे, पण विकणारा सांगत नाही. ट्रेलरच्या प्रोपेन टाकीतला दाब हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो. ७० अंश फॅरेनहाइटला ११० पीएसआयच्या (दाबाचं इथलं माप) आसपास, १०० अंशांना १७० च्या पुढे. टाकीजवळचा रेग्युलेटर तो उतरवून ११ इंच उंच पाण्याच्या स्तंभाएवढा करतो, म्हणजे अर्ध्या पीएसआयपेक्षाही कमी. बाजूच्या पोर्टमधून येतो तो हा उतरवलेला गॅस. तव्याला मात्र त्याचा स्वतःचा रेग्युलेटर असतो, कारण तो प्रोपेनच्या एक पौंडाच्या, वापरून फेकायच्या हिरव्या डब्यावर चालायला बनवलाय आणि त्या डब्यात टाकीसारखाच पूर्ण दाब असतो. म्हणजे एकदा उतरवलेला गॅस आपण पुन्हा उतरवायला लावतो. ज्योत कुठून येणार?

भारतात घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर साधारण ३०० मिलिमीटर पाण्याएवढा दाब सोडतो. इथले ११ इंच म्हणजे २८०. जवळपास तेच. सांगलीच्या ओट्यावर कुणी शेगडीला दुसरा रेग्युलेटर लावतं का? (हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग आपली दोन बर्नरचीच आणली असती की गं." नको, आई. तिकडच्या गॅसमध्ये ब्युटेनही असतो, इकडे जवळजवळ निव्वळ प्रोपेन. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं, त्या हिशेबाची असतात.)

तर तव्याचा रेग्युलेटर काढून तिथे क्विक-कनेक्टचा पितळी एल्बो बसवला. वीसेक डॉलर, एक पाना, गॅससाठीची पिवळी टेप. ती टेपही फक्त निमुळत्या आट्यांना, फ्लेअरच्या जोडाला (जिथे पसरट तोंडं एकमेकांवर घट्ट बसतात) नाही. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले आणि पेटवला. निळी, भरपूर ज्योत. त्या दिवशी थालीपिठं अशी खरपूस झाली की शेजारच्या साइटवरचे आजोबा ताटली घेऊनच आले. मात्र हे सगळ्या उपकरणांना चालत नाही. ज्याचा स्वतःचा रेग्युलेटरही साधारण याच दाबाला उतरवतो त्यालाच चालतं.

आता माझं खरं दुखणं. पोर्टचं टोपण.

पोर्ट चाकाच्या मागे, फ्रेमच्या खाली आहे. गुडघे टेकून, मान वाकडी करून हात घालावा लागतो. त्याला धूळ जाऊ नये म्हणून रबरी टोपण आणि त्याला एक रबरी शेपटी. पहिल्याच उन्हाळ्यात शेपटी तुटली, टोपण कुठल्या तरी हायवेवर गेलं. तुम्ही म्हणाल, एवढंसं टोपण, त्याचं काय! पण टेक्सासमध्ये कुंभारीण माशी आहे. भोक दिसलं की ती चिखल भरते. फर्नेसचं (ट्रेलर उबदार ठेवणाऱ्या भट्टीचं) तोंड, वॉटर हीटरची नळी, काही सोडत नाही. एका संध्याकाळी पीठ भिजवून तयार होतं आणि मी टॉर्च दातात धरून पोर्टमधून दातकोरणीने चिखल काढत बसले होते. आत ढकलला गेला तर व्हॉल्व्हच्या सीटवर बसणार, म्हणून कणाकणाने. नवं टोपण सुटं मिळत नाही, अख्खा व्हॉल्व्ह घ्या म्हणतात. एवढ्या किमतीच्या ट्रेलरला पितळी टोपण आणि दोन इंच साखळी देता येत नाही? सध्या औषधाच्या बाटलीचं झाकण आणि रबरबँड लावलंय.

हिवाळ्यापर्यंत माझं मत होतं की बाजूचा पोर्ट असताना दुसरं काही घेऊच नये. ते बदललं ते भाकरीमुळे. तव्यावर भाकरी भाजते छान, पण फुगवायला उघडी ज्योत लागते. आमची जुनी दोन बर्नरची कॅम्पिंगची शेगडी पोर्टवर चालेना, कारण तिचा रेग्युलेटर ११ इंचांच्या कित्येक पट जास्त दाब सोडतो आणि जेट त्या मानाने बारीक. शेवटी टाकी आणि ट्रेलरचा रेग्युलेटर यांच्यामध्ये पितळी टी (T आकाराचा तीन तोंडांचा जोड) बसवला. त्यातून पूर्ण दाबाचा गॅस मिळतो आणि शेगडी आपल्या रेग्युलेटरसकट त्यावर मजेत चालते. भाकरी फुगते, वांगंही भाजून होतं.

फक्त एक लक्षात ठेवा: रेग्युलेटर काढलेला तवा चुकूनही टीला लावायचा नाही. ११ इंच दाबाच्या बर्नरला शंभर पीएसआय म्हणजे थेट अपघात. आमच्याकडे दोन्ही नळ्यांची टोकं वेगळी आहेत, एक दुसऱ्यात बसतच नाही. तरी टीच्या नळीला लाल टेप गुंडाळलीय.

आणखी एक. कधीकधी सगळं बरोबर असूनही ज्योत मंद येते. टाकीचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की जोडातली सुरक्षा यंत्रणा त्याला गळती समजते आणि गॅस आवळते. सगळं बंद करा, दोन मिनिटं थांबा, व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. दुरुस्तीवाल्याला पैसे देण्याआधी हे करून बघाच.

पैशाचं गणित सांगते, कारण आमच्या घरात शेवटी तेच चालतं. हिरवा डबा पाच-सहा डॉलरचा आणि मोठ्या आचेवर पावणेदोन तासही पुरत नाही. टाकीत भरून घेतलेला तोच एक पौंड गॅस आम्हाला डॉलरच्या आत पडतो. शिवाय रिकाम्या डब्यांचं करायचं काय? कॅलिफोर्नियाने २०२२ मध्येच कायदा केलाय, १ जानेवारी २०२८ पासून तिथे हे फेकायचे डबे विकता येणार नाहीत. तिकडच्या मंडळींनी आताच नळीची सवय केलेली बरी.

रात्री मी टाकीचाच व्हॉल्व्ह बंद करते. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, गळला तर खाली साचतो. ट्रेलरमधला गॅस अलार्म जमिनीलगत असतो तो त्यामुळेच. तवा ऑनिंगखाली (ट्रेलरच्या कापडी छपराखाली) किंवा स्लाइडआउटला (ट्रेलरच्या बाहेर सरकणाऱ्या भागाला) चिकटवून ठेवू नका, आणि नळी जायच्या-यायच्या वाटेवर नको.

नवा ट्रेलर घेणार असाल तर विकणाऱ्याच्या लॉटवरच खाली वाकून पोर्ट कुठे आहे ते बघा. आतल्या सोफ्याचं कौतुक नंतर. आणि पोर्टला बसणारं साखळीचं पितळी टोपण कुणाला सुटं मिळालं असेल तर कुठे ते नक्की सांगा.