प्रोसेसरचा कूलर घेताय? आधी माझं काय झालं ते वाचा

अकोल्यात कूलर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खिडकीतला पाण्याचा कूलर येतो. मी सांगतोय तो कॉम्प्युटरच्या आत, प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो तो. मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. एप्रिल-मे हा आमचा सीझन, आणि इथे नेमकं तेव्हाच बाहेर ४३-४४ अंश तापतं. दुपारी माझ्या खोलीतच ३६-३७ अंश असतात.

माझ्याकडे एएमडी कंपनीचा रायझन ७ ५७०० एक्स हा प्रोसेसर आहे. या प्रोसेसरच्या डब्यात कूलर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. मी पैसे वाचवायचे म्हणून जुन्या रायझन ५ सोबत आलेला छोटा कूलरच त्यावर बसवला होता. हिवाळ्यात निभावलं. मार्चमध्ये एक्स्पोर्ट (एडिट झालेल्या फिल्मची फाइल काढायचं काम) लावला की तापमान ८९-९० वर जाऊन चिकटायचं. ९० ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. जानेवारीत ४८ मिनिटांत होणारा एक्स्पोर्ट तासभर चालायला लागला. नवीन कूलर घेणं भागच होतं.

कामासाठी नागपूरला गेलो होतो, तिथल्या एका दुकानात चौकशी केली. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझ्या हातात सिद्ध करता येईल असं काही उरलेलं नाही. ते का, ते पुढे येईलच. दुकानदाराने एक मोठा डबा काढून समोर ठेवला. नावाजलेल्या कंपनीचं नाव, चार हीट पाइपचं (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचं) चित्र, १२० मिलिमीटरचा पंखा आणि ठळक अक्षरांत २२० वॅट. म्हणाला, "भाऊ, तुमचा प्रोसेसर पासष्ट वॅटचा. हा दोनशे वीसचा. डोळे झाकून घेऊन जा." बाहेर हाच कूलर २,८०० च्या आसपास मिळत होता. याने १,९५० सांगितले. मी पक्कं बिल मागितलं तर, "त्यावर जीएसटी वेगळा लागेल भाऊ, वॉरंटीचं काय ते मी बघतो ना." मी चिठ्ठीवर समाधान मानलं. काउंटरवरच्या पोराने मोबाइलवर क्यूआर दाखवला, मी पैसे टाकले आणि निघालो.

त्या दहा मिनिटांत मी तीन चुका केल्या, पण ते मला दोन महिन्यांनी कळलं.

घरी येऊन कूलर बसवला, एक्स्पोर्ट लावला. वीस मिनिटांत ८९. मला वाटलं, प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची पेस्ट नीट लागली नसेल. काढला, पुसला, पुन्हा लावली. ८९. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, सोबत आलेली पेस्ट साधी असते, चांगली घ्या. ४५० रुपयांची पेस्ट आणली. ८८. पुन्हा फोन. "तुमच्या केसमध्ये हवा खेळत नसेल." केसचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे, दोन पंखे घेतले, १,१०० रुपये. फरक शून्य. तिसऱ्या फोनला तो हसून म्हणाला, "भाऊ, अकोल्याचा उन्हाळा आहे, तिथे काय थंड राहणार?" आणि मला ते पटलं, याचंच मला आज जास्त वाईट वाटतं. उन्हाळा खरा होता, म्हणून त्याचं बोलणंही खरं वाटलं. या सगळ्यात दोन पार्ट्यांची फिल्म उशिरा गेली. एका मुलीच्या वडिलांना मी तीन वेळा तारीख बदलून सांगितली. त्यांनी एका शब्दाने मला सुनावलं नाही, पण पुढच्या मुलीच्या लग्नाचं काम दुसऱ्याला दिलं.

सुटका झाली ती एका साध्या गोष्टीने. कंटाळून एका दुपारी मी जुना छोटा कूलर परत बसवून पाहिला. तोच केस, तीच खोली, तीच महागडी पेस्ट, तोच एक्स्पोर्ट. तापमान ८९. म्हणजे तळहाताएवढा जुना कूलर आणि वीतभर उंच नवा कूलर, दोघांचा आकडा एकच. पेस्टचा, केसचा, उन्हाळ्याचा दोष असता तर तो दोघांना सारखा लागू होता. नव्याने तरीही जुन्यापेक्षा बरं काम करायला हवं होतं. तुमच्या बाबतीत विक्रेता एकेका गोष्टीवर ढकलत असेल, तर आधी ही अदलाबदल करा. एक दुपार जाते, पण संशय एका जागी येऊन थांबतो.

इथे एक सांभाळा. एएमडीच्या या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) कूलर सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरही पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं काम लावून तो गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा.

माझा मावसभाऊ एमआयडीसीत लेथवर काम करतो. संध्याकाळी तो आला. टेबलावरचा कूलर त्याने सहज उचलला आणि म्हणाला, "दादा, हा इतका हलका कसा?" मी कंपनीच्या साइटवर वजन पाहिलं, साडेसहाशे ग्रॅमच्या वर होतं. आम्ही तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. पंख्यासकट ४१० ग्रॅम.

मी चुंबक शोधायला लागलो, तर त्याने थांबवलं. तांबं चुंबकाला चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमही चिकटत नाही, मग चुंबक लावून कळणार काय? त्याने पिशवीतून बारीक कानस काढली. हीट पाइपच्या टोकावर एक काळी प्लास्टिकची टोपी होती, ती उपसली. खऱ्या हीट पाइपचं टोक निमुळतं करून बंद केलेलं असतं, कारण आतली हवा काढून ते सील करावं लागतं. इथे टोक सपाट होतं, सळई कापावी तसं. त्यावर त्याने कानशीने तीन-चार हात मारले. वरचा तांबूस रंग भुकटीसारखा उडाला आणि खाली पांढरी चकचकीत धातू दिसली. नळी नव्हतीच ती. तांब्याचा रंग दिलेली ॲल्युमिनियमची भरीव सळई होती.

हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. हीट पाइप म्हणजे नुसता तांब्याचा दांडा नाही. ती पोकळ नळी असते. आत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी १०० अंशांची वाट न पाहता बऱ्याच आधी उकळतं. प्रोसेसरजवळ वाफ होते, वर पात्यांपाशी जाऊन थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या भिंतीवर बसवलेल्या सच्छिद्र थरातून झिरपत खाली येते. हे चक्र अखंड चालू असतं, म्हणून उष्णता काही सेकंदांत टोकापर्यंत पोचते. भरीव सळईतून ती रांगत जाते. वरची पाती कितीही असू देत, त्यांच्यापर्यंत उष्णता पोचलीच नाही तर पंखा नुसत्या थंड पत्र्यावर वारा घालतो. माझ्या कूलरची वरची पाती भर एक्स्पोर्टमध्येही जेमतेम कोमट असायची. मी ते कौतुकाने पाहत होतो, की बघा किती थंड राहतोय. खरं तर तिथेच कळायला हवं होतं: आत ८९ अंश असताना कूलर हाताला कोमट लागत असेल तर उष्णता आतच अडकली आहे.

मग खात्रीसाठी गरम पाण्याची परीक्षा केली. पंखा काढून ठेवला. स्टीलच्या वाटीत कढत पाणी घेतलं, कूलरचा फक्त तळ त्यात बुडवला आणि नळीच्या वरच्या टोकाला बोट लावलं. खरी हीट पाइप असेल तर चार-पाच सेकंदांत बोट चटकन मागे घ्यावं लागतं. आम्ही मिनिटभर धरून बसलो. टोक कोमट झालं, बस्स. नंतर मी खरा कूलर आणला तेव्हा त्यालाही तसंच वाटीत धरलं. मी पाच म्हणायच्या आत भावाने बोट काढलं. परीक्षा करणार असाल तर पंखा आधी काढा आणि बसवण्याआधी तळ व नळ्या पुसून पूर्ण कोरड्या होऊ द्या. दुकानात परत द्यायची शक्यता असेल तर कानस मात्र लावू नका. वजन आणि पाणी यांतच कळून येतं.

दुकानात परत गेलो. त्याने कूलर हातात घेऊन फिरवून पाहिला आणि हा माल माझा नाहीच म्हणाला. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नव्हतं, नुसते आकडे. मी यूपीआयची नोंद दाखवली, तर पैसे दुकानाच्या खात्यात नव्हे, त्या पोराच्या खासगी खात्यावर गेलेले. तो पोरगा आता तिथे काम करत नाही, असं उत्तर मिळालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पण पहिलाच प्रश्न बिलाचा होता. दुकानाने विक्रीच नाकारली आणि प्रकरण तिथेच थांबलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, नागपूरला खेपा घालायची गरज नसते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे शुल्कही नाही. सगळी दारं उघडी होती. मी रिकाम्या हाताने गेलो होतो.

म्हणून बिलाबद्दल हात जोडून सांगतो. छापील कमाल किमतीत सगळे कर आलेलेच असतात. "पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा" हे ऐकलं की पाकीट खिशात ठेवा. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे पाठवायच्या आधी नाव येतं, ते वाचा. दुकानाचं नसेल तर पैसे टाकू नका.

डबाही वाचा. माझा डबा मी घरी आल्यावरसुद्धा नीट पाहिला नव्हता. हे कूलर बहुतेक आयात होऊन येतात. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार अशा डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला किंवा चिकटवलेला असावा लागतो. माझ्या डब्यावर यातलं काहीही नव्हतं. फक्त कंपनीचं नाव आणि तो २२० चा आकडा.

त्या आकड्याबद्दलही बोलायला हवं, कारण मी त्यालाच भुललो. कूलरवर किती वॅट छापायचे यासाठी सगळ्यांना बांधून ठेवणारी एकच मोजपट्टी नाही. प्रत्येक जण आपल्या पद्धतीने मोजतो. ऑस्ट्रियाची नॉक्टुआ ही कंपनी तर कूलरला सरधोपट वॅटचा आकडा देण्याऐवजी स्वतःची वेगळी गुणपद्धत वापरते आणि कुठल्या प्रोसेसरला कोणता कूलर चालेल याची यादी देते. प्रोसेसरवरचा आकडाही तसाच फसवा. माझ्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला प्रत्यक्षात ७६ वॅटपर्यंत वीज घ्यायची मुभा असते. इंटेलच्या आय५ १२४०० वर ६५ लिहिलेलं असतं, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, तो ११७ पर्यंत जातो. आकडे जुळवत बसण्यापेक्षा तुमच्याच प्रोसेसरवर कुणी प्रत्यक्ष मोजलेलं तापमान शोधा, आणि मोजताना खोलीत किती अंश होते ते पाहा. बऱ्याच चाचण्या २१ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. हवेवर चालणारा कूलर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे खोली जितकी जास्त गरम, साधारण तितके अंश वर धरायचे. विदर्भातल्या उन्हाळ्यात हा फरक १२-१५ अंशांचा पडतो.

इंटेलवाल्यांसाठी अजून एक. एलजीए १७०० सॉकेट २०२१ च्या शेवटी आलं, त्यात कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं. त्याआधीचा पडून राहिलेला साठा "बसतो हो, सगळ्यांना बसतो" म्हणून खपवणारे आहेत. डब्यावर १७०० लिहिलेलं दिसल्याशिवाय घेऊ नका. आणि केसची रुंदी मोजून जा, कारण कूलरची उंची त्या रुंदीत मावायला हवी आणि चांगले टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात.

नंतर मी अधिकृत वितरकाकडून, पक्क्या बिलाने, त्याच कंपनीचा तोच कूलर २,८५० ला घेतला. मे महिनाच, खोलीत ३६ अंश, आणि एक्स्पोर्टला तापमान ७४ च्या वर गेलं नाही. फिल्म पुन्हा ४८ मिनिटांत निघते. पहिल्या कूलरचे १,९५०, पेस्ट आणि पंख्यांचे १,५५० आणि त्या घरचं दुसरं लग्न, एवढं गेलं ते गेलं.

खोटा कूलर मी टाकून दिलेला नाही. कानशीने घासलेल्या टोकासकट तो माझ्या टेबलावर आहे. अकोल्यात कुणी नवीन मशीन बनवत असेल तर या. मी मशीन बंद करून खऱ्याचं वजन दाखवणार नाही, पण खोटा हातात देतो आणि वाटीत गरम पाणी ठेवतो. बोट लावून बघा आणि मग खरेदीला जा.