50 मिमीचा स्मार्ट टेलिस्कोप, डिचोलीच्या गच्चीवरून वर्षभर वापरून

डोळा लावून गुरू-शनी बघायचे असतील तर हा घेऊ नका, याला आयपीसच नाही, सगळं मोबाईलवर, आणि शनी म्हणजे नुसता लांबट ठिपका. मी घेतला तो ट्रान्झिटसाठी, म्हणजे लांबच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना उजेड किंचित उतरतो ना, तो मोजायला. त्या कामाला मात्र पैसे वसूल!

सुरुवात एचडी 189733 बी या ग्रहापासून करा. 2005 मधे फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून सापडलेला, गुरूपेक्षा थोडा मोठा, आणि ताऱ्याला एवढा चिकटून की 2.2 दिवसांत एक फेरी. त्याचा तारा 7.7 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप), डम्बेल नेब्युला या वायूच्या ढगाच्या बाजूलाच, त्यामुळे शोधायला त्रास नाही. ग्रह समोर आला की उजेड साधारण अडीच टक्के कमी होतो, जवळजवळ पावणेदोन तास.

आता अडचणी. आमच्याकडे दसऱ्याशिवाय आभाळ उघडत नाही आणि तेव्हा संध्याकाळी सात-साडेसातला हा तारा बरोब्बर डोक्यावर, तिथे याचं ट्रॅकिंग गडबडतं, फील्ड, म्हणजे फोटोत दिसणारं आभाळ, भराभर फिरतं आणि अर्ध्या फ्रेम (सुटे फोटो) बाद, माझी पहिली रात्र अशीच गेली. म्हणून ट्रान्झिट आठनंतर सुरू होणारा दिवस निवडा, आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास जास्तीचा घ्या, आणि पश्चिमेला शेजाऱ्यांचा माड आडवा येत नाही ना ते दिवसाच बघून ठेवा. दव खूप पडतं, हीटर लावावाच लागतो, तो बॅटरी खातो, पॉवर बँक जोडून ठेवा. फोकस थोडा ढिला करा नाहीतर 10 सेकंदांच्या फोटोत तारा जळतो, म्हणजे नुसता पांढराफटक येतो आणि उजेड मोजता येत नाही. आणि प्रत्येक फ्रेम सेव्ह करायचं सेटिंग आधी चालू करा, नुसता स्टॅक केलेला, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून केलेला एकच फोटो राहिला तर उजेडाचा ग्राफ काढणार कशाचा?

पुढचं काम नासाच्या एक्झोप्लॅनेट वॉच या प्रकल्पाच्या एक्झॉटिक सॉफ्टवेअरवर, फुकट आहे, ब्राउझरमधेच चालतं. ग्राफवर एकेका फ्रेमचे सुटे ठिपके वरखाली उड्या मारतात पण पाच-पाच मिनिटांची सरासरी काढली आणि खड्डा दिसला, स्वच्छ! आई विचारत होती ग्रह कुठाय, तिचं बोट धरून त्या खड्ड्यावर ठेवलं.

नोव्हेंबर अखेरीला एचडी 209458 बी लावणार, 1999 मधे ज्याचं ट्रान्झिट सगळ्यात आधी पकडलं तो. खड्ड्याची खोली दीडेक टक्काच आणि वेळ तीन तास, तेव्हा पॉवर बँक दोन लागतील.