नागपूरची पाटोडी-रस्सा खानावळ, जिथे एक वाजता मालक स्वतः जेवायला बसतो

विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या नागपूर करारात (१९५३) ठरलेलं, म्हणून विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला होतं, आणि डिसेंबर आला की मंत्री-आमदारांच्या मागे फायली घेऊन आम्ही मंत्रालयवाले पण. राहायला सरकारी १६० खोल्यांचे गाळे, जेवायला जिथे जे मिळेल ते. यावेळी सोबतच्या शिपायाने सिव्हिल लाइन्सच्या बाजूला एका गल्लीतली खानावळ दाखवली, चार टेबलं, धड पाटी पण नाही.

पाटोडी रस्सा एक नंबर. बेसनाच्या पाटोड्या आतपर्यंत मऊ पण रश्शात विरघळत नाहीत, तर्री वेगळ्या वाटीत देतात, ज्याला जेवढं झेपेल तेवढं घ्या. सोबत ज्वारीची गरम भाकर, कांदा, जवसाची चटणी. सोले म्हणजे ओल्या तुरीचे दाणे असतील तर त्याची आमटी सोडू नका. थाळी १२० रुपये. भात मात्र जास्त शिजलेला होता, दरवेळी.

पहिल्या दिवशी एक वाजून पाच मिनिटांनी पोचलो, डोक्यात लक्षवेधीचं, म्हणजे आमदाराने सभागृहात मांडलेल्या तातडीच्या विषयाचं उत्तर, पोटात कावळे, आणि काका म्हणाले, "बसा जी वीस मिनिटं, आता आमची पंगत आहे." काका, काकू आणि वाढणारी दोन्ही पोरं समोर बसून आरामात जेवली. खरं सांगतो, राग आला, गिऱ्हाईक उपाशी आणि मालक भाकर मोडतोय.

मग दोन-तीन दिवसांत ओळख झाली तेव्हा कळलं. काका २२ वर्षं सरकारी नोकरीत, एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर खानसामा होते. साहेब रात्री साडेबाराला यायचे ते कधी कधी पंधरा माणसं घेऊन, परत कणीक मळा, आणि काकांचं ताट ओट्यावर झाकलेलं ते झाकलेलंच. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा बंगल्यावर पाहुणे जेवायला होते, सुट्टी मिळाली दुसऱ्या दिवशी, गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. "साहेब चांगले होते, शिवी नाही दिली कधी," काका स्वतःहून म्हणाले, "पण दिवस माझा नव्हता जी." हे मला फार लागलं, कारण आपण साहेब वाईट असला तरच तक्रार करायची असं धरून चालतो.

सरकारी नोकरीत २० वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, काकांसारख्या जुन्या भरतीवाल्यांना पेन्शन पण बसते. तरी काका दोन वर्षं जास्त राहिले, कारण गावचे लोक बदली, ॲडमिशन असली कामं घेऊन यायचे, लग्नात पुढे बसवायचे, तो मान सुटत नव्हता. नोकरी सोडली तशी ती माणसं पण यायची थांबली. माझी नोकरीची १७ वर्षं झालीत, आणि माझ्याकडे पण लोक येतात.

शेवटच्या आठवड्यात मी बिल देत होतो, पावणेदहा झालेले, एक कार्यकर्ता आत आला, साहेबांसाठी चाळीस पार्सल पाहिजेत म्हणाला. काका म्हणाले चूल विझली. "कोणाला नाही म्हणताय कळतंय का?" "कळतंय ना भाऊ. उद्या अकरापर्यंत करून देतो, पैसे आधी." गल्ल्यावरचा त्यांचा हात थरथरत होता, मी अगदी समोर होतो म्हणून दिसलं, आवाज मात्र नेहमीसारखाच. तो माणूस बडबडत निघून गेला. काकांनी मला सुटे दिले आणि शटर अर्धं ओढलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा भातासाठी कापला. गाडी लावायला जागा नाही, पैसे रोख द्या. सकाळी अकरा ते रात्री साडेनऊ, एक ते एक वीस वाढणं बंद. सोमवारी खानावळ बंद आणि काकांचा फोन पण बंद.