उपासाचे दिवस आणि बिनचवीची व्हे पावडर: एका डब्याचा हिशेब

मी ४४ वर्षांची, वजन ६० किलो, राहायला कोल्हापुरात. सव्वा वर्ष झालं वजनं उचलते आहे. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) २० किलोच्या रिकाम्या बारवरून ५० किलोवर आला, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ६५ वर. यातले पहिले आठ महिने प्रथिनांची पावडर नव्हती, हे आधीच सांगते, कारण उचलायचं वजन वाढायला तेव्हाच सुरुवात झाली होती.

ताकदीसाठी व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ४९ चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये जो अभ्यास झाला, त्यात याच्या पुढे स्नायूंची जादा वाढ दिसली नाही. आणि प्रथिनं वाढवल्याने पडलेली भर सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती. खरं काम व्यायामच करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळाव्यात असंच सांगितलंय.

माझ्या हिशेबाने रोज ९६ ग्रॅम हवीत. पोळी, भाकरी, वरण, उसळ, दही यांतून ५० मिळतात. चार अंडी, म्हणजे आणखी २४. मूठभर सोया वड्या भाजीत टाकल्या की १५. नव्वदीच्या घरात पोचते आणि खर्च पस्तीस-चाळीस रुपये. अशा दिवशी पावडरीवर पैसे घालवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

अडचण सोमवारची. एकादशी, चतुर्थीची. त्या दिवशी अंडी नाहीत, डाळ नाही, सोया नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, खिचडीत जी येतात ती दाण्यांची. वरी आणि दाण्याची आमटी खाऊनही मी चाळिशीतच अडकायचे आणि मंगळवारी सकाळी पाय जड लागायचे.

म्हणून एक किलोचा डबा आणला, २,४०० रुपयांचा. डब्यातल्या मापाच्या एका चमच्यात २४ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे चमचा ऐंशी रुपयांना पडतो. सासूबाईंनी विचारलं, "अगं, हे उपासाला चालतं का?" व्हे म्हणजे चीज करताना वेगळं होणारं दुधाचंच पाणी, ते वाळवून भुकटी करतात. पण पावडर नीट विरघळावी म्हणून त्यात लेसिथिन घालतात, ते कशाचं आहे हे लेबलवर बघावं लागतं. बऱ्याच डब्यांत सोयाबीनचं असतं, ते आमच्याकडे चालत नाही. सूर्यफुलाचं शोधून घेतलं.

गरम दुधात घातली तर गुठळ्या होतात. थंड ताकात जिरं-मीठ घालून घुसळली की छान लागते, चॉकलेटच्या गोड डब्यापेक्षा कितीतरी बरी.

आधी जिममधून मास गेनर (वजन वाढवायची पावडर) घेतला होता, ३ किलो, २,९०० रुपये. ७५ ग्रॅमच्या मापात प्रथिनं फक्त १५ आणि उरलेलं बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच पचणारी भुकटी. ते पैसे वाया गेले, याचं अजून वाईट वाटतं. कुठलाही डबा घेताना एका मापात प्रथिनं किती, हे आधी बघा. वडिलांना किडनीचा त्रास आहे. त्यांची प्रथिनं डॉक्टरांनी मोजून दिलीत, त्यामुळे त्यांना मी हे देत नाही.

फक्त उपासालाच घेत असल्याने डबा साडेतीन महिने पुरला. महिन्याला सातशे रुपये, आणि मंगळवारचा स्क्वॉट आता अडत नाही. श्रावणात महिनाभर घरात अंडी बंद असतात, त्याआधी दुसरा आणणार आहे.