कॅथलॅबमध्ये डोळ्यांसाठी काय घ्यावे: वरून घालायचा लेड गॉगल की नंबरचा लेड चष्मा?

कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या मदतीने हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करतात त्या खोलीत, विखुरलेले किरण डॉक्टरांच्या डोळ्यांपर्यंतही पोहोचतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने 2011 मध्ये नेत्रभिंगासाठीची डोसची मर्यादा वर्षाला 150 मिलिसिव्हर्टवरून (मिलिसिव्हर्ट हे किरणोत्सर्गाच्या डोसचे एकक) पाच वर्षांच्या सरासरीने 20 वर आणली. तेव्हापासून लेड (शिसेयुक्त काचेचा) चष्मा घ्यावा की नाही हा प्रश्न उरलेला नाही. कोणता घ्यावा, एवढाच उरतो. छताला टांगलेला लेड-अ‍ॅक्रिलिकचा पडदा असतोच आणि तो वापरायलाच हवा. मात्र आरएओ व्ह्यूमध्ये (यंत्र रुग्णाच्या उजवीकडे कलते करून घेतलेल्या प्रतिमेत) किरण टिपणारा डिटेक्टर अंगावर येतो म्हणून तो बाजूला ढकलावा लागतो, आणि पुढे एलएओमध्ये (डावीकडे कलत्या व्ह्यूमध्ये) गेल्यावर, म्हणजे किरण सोडणारी ट्यूब आपल्या बाजूला येऊन विखुरलेले किरण वाढतात नेमके तेव्हा, तो परत ओढून घेण्याचे भान पुष्कळदा राहत नाही.

ज्यांना आधीच नंबर आहे त्यांना विभागात पडलेला, स्वतःच्या चष्म्यावरून चढवायचा गॉगल सोयीचा वाटतो. खिशातून खर्च नाही, नंबर बदलला तरी अडत नाही, आणि दोघातिघांना आलटून पालटून वापरता येतो. मास्कमुळे दोन्ही काचांवर वाफ धरते आणि मॉनिटरचे प्रतिबिंब दुहेरी दिसते, पण त्याची सवय होते. मला ज्याची सवय झाली नाही ती गोष्ट म्हणजे त्याचे घसरणे. अ‍ॅप्रनच्या आत घाम येत असतो, मान कधी टेबलावर तर कधी मॉनिटरकडे असते, आणि गॉगल हळूहळू नाकाच्या शेंड्याकडे निघतो. हात स्टराइल असल्यामुळे तो वर ढकलता येत नाही. सुरुवातीला सिस्टरना सांगितले जाते. पण वायर रक्तवाहिनीतला ब्लॉक ओलांडत असताना कोणी कोणाला हाक मारत नाही, मान मागे टाकून वेळ मारून नेली जाते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न असता तर मी त्यावर इतके लिहिले नसते. किरण रुग्णाच्या शरीरातून विखुरतात, म्हणजे आपल्याकडे खालून आणि बहुधा डावीकडून येतात, आणि आपण त्या वेळी मॉनिटरकडे पाहत असतो. काच 0.5 मिलिमीटरची की 0.75 ची यावर विक्रेते बराच वेळ बोलतात, परंतु दोन्ही काचा समोरून येणारे बहुतेक किरण अडवतात. डोळ्यापर्यंत जे पोहोचते ते मुख्यतः गालाजवळच्या आणि कानशिलाकडच्या फटीतून, आणि थोडे आपल्याच डोक्यातून परत विखुरून. आतल्या चष्म्यामुळे गॉगल मुळातच चेहऱ्यापासून सुटा बसतो. घसरला की ती फट आणखी रुंदावते.

नंबरचा लेड चष्मा निर्दोष आहे असे नाही. काच जड असते, मऊ असल्यामुळे तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, आणि नंबर बदलला की खर्च पुन्हा. चाळिशीनंतर हात आणि मॉनिटर या दोन अंतरांचा मेळ घालताना नेत्रतज्ज्ञांकडे एखादी फेरी जास्त होते. नंबर मोठा असेल तर पूर्ण वळणदार फ्रेममध्ये कडेला प्रतिमा वाकडी दिसते, म्हणून साधी फ्रेम घेऊन बाजूला लेडच्या पट्ट्या लावून घ्याव्या लागतात. पण फ्रेम आपल्या नाकाच्या मापाने बसवता येते, मागे पट्टा लावता येतो, आणि ती जागची हलत नाही. डोळ्यांचा डोस मी मोजलेला नाही, कारण टीएलडी बॅज (अंगावर लावायचा किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) अ‍ॅप्रनच्या आत छातीवर असतो आणि तो डोळ्यांविषयी काही सांगत नाही. मला एवढेच सांगता येईल की अलीकडे प्रोसिजर चालू असताना चष्म्याची आठवणच होत नाही.

संपूर्ण चेहरा झाकणारा व्हायजर हा तिसरा पर्याय मी फारसा वापरलेला नाही. त्याची शिशाची जाडी कमी असली तरी खालची फट तो बऱ्यापैकी झाकतो. फक्त स्पिरिटने पुसल्यास त्याचे अ‍ॅक्रिलिक तडकते.

निवासी डॉक्टरांनी, किंवा ज्यांचा नंबर अजून स्थिरावलेला नाही त्यांनी, तूर्त गॉगलवर भागवले तरी चालेल, मात्र पट्टा अवश्य लावावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, त्यांनी बिननंबरी वळणदार चष्मा घ्यावा. ऑर्डर देण्यापूर्वी मास्क, टोपी आणि थायरॉइड कॉलरसह (गळ्याभोवतीच्या लेडच्या पट्ट्यासह) चष्मा घालून आरशासमोर उभे राहावे, मॉनिटरकडे पाहतो तशी मान वळवावी आणि कोणाला तरी डाव्या बाजूने खालून मोबाइलचा टॉर्च धरायला सांगावा. उजेड थेट बुबुळावर पडत असेल तर ती फ्रेम परत करावी, तिच्या काचेची जाडी कितीही असो.